देव दयाळू, मग हे दुःख कुणाच्या खात्यावर?

४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला ‘लकी कंपाऊंड’मधली बेकायदा इमारत कोसळली. वर मजले चढत होते आणि खाली बिऱ्हाडं राहत होती. ७४ जीव गेले. तिकडे खारघरला टाटांच्या कॅन्सर केंद्राबाहेर रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेतलेले आईबाप बसलेले असतात. शेजारी लेकरू, केस गेलेले, तोंडाला मास्क. ‘आमच्याच पोराला का?’ असं आई म्हणते आणि जवळचा कुणीतरी हमखास बोलून जातो, ‘मागच्या जन्मीचं काही असेल.’ पहिलं दुःख माणसाने ओढवलेलं, दुसऱ्यात कुणा माणसाचा हात नाही. देव चांगला असेल तर दोन्ही का घडतात, हा वाद फार जुना आहे.

पाश्चात्त्य परंपरेत त्याचं मूळ ग्रीक विचारवंत एपिक्युरसशी जोडतात. दुःख दूर करायची देवाची इच्छा आहे पण ताकद नाही, तर तो दुबळा. ताकद आहे पण इच्छा नाही, तर तो वाईट. दोन्ही आहेत, तर दुःख आलं कुठून? जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१० मध्ये उत्तर दिलं की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच सर्वांत चांगलं. १ नोव्हेंबर १७५५ला, ख्रिस्ती सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला. लोक प्रार्थनेला जमले होते आणि चर्चच त्यांच्या अंगावर कोसळली. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने त्यानंतर लायब्निझच्या या आशावादावर कडाडून हल्ला चढवला. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये सर्वशक्तिमान, चांगला देव आणि दुःख या गोष्टी तर्काने एकत्र नांदूच शकत नाहीत, असं मांडलं. ख्रिस्ती तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांचं प्रत्युत्तर असं, की माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर वाईट वागण्याची मुभाही आलीच. शिळफाट्याला हे उत्तर काही अंशी लागू पडतं. चार वर्षांच्या मुलाच्या रक्ताच्या कर्करोगाला मात्र ते पुरत नाही, असं मला वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. जैन आणि बौद्ध परंपरांनी जगाचा कर्ता देव मानलाच नाही, आणि कर्ता असेल तर त्याने इतकं दुःख का निर्मिलं, असा उलट सवाल केला. ईश्वर मानणाऱ्या वेदान्त्यांना उत्तर देणं भाग होतं. वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात देवावरचे दोन आरोप सरळ नोंदले आहेत: तो पक्षपाती आहे आणि तो निर्दय आहे. शंकराचार्य म्हणतात, ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्या पिकांवर सारखाच पडतो, पण भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. तशी जिवांतली विषमता ज्याच्या त्याच्या कर्माची. पण पहिलं कर्म कुठून आलं? त्यावर, संसाराला आरंभच नाही, असं उत्तर आहे. या युक्तिवादाने देव आरोपातून सुटतो. पण खारघरच्या त्या आईला त्याच दमात सांगितलं जातं, की दोष तुझ्या लेकराचा. हे उत्तर तिथे बोलून दाखवणं मला क्रूर वाटतं.

तुकोबांनी हे उत्तर ऐकलं नसेल असं नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचं घर धुऊन निघालं. ते स्वतःच लिहितात: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ यात कसलाही आडपडदा नाही. पुढे त्याच आपत्तीला ‘बरें जालें’ म्हणणारा अभंगही त्यांनी रचला, कारण त्या पश्चात्तापातून चिंतन उरलं. मात्र हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या दुःखातून काढला. दुसऱ्याच्या दुःखावर तो लादला नाही. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला जाब विचारणारे अभंगही त्यांच्याच गाथेत आहेत. देव नाही असं न म्हणता देवाला धारेवर धरणं ही वारकऱ्यांची खास रीत.

ठाण्यात १८७९ पासून बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे, चर्चही आहेत. ज्यू आणि ख्रिस्ती दोघांच्याही पवित्र ग्रंथात ईयोबाची कथा आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत सगळं गेलेल्या ईयोबाला मित्र समजावतात, की तू पाप केलं असशील. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर.

१५ जानेवारी १९३४च्या बिहार भूकंपानंतर गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला. भौतिक घटनेला नैतिक कारण चिकटवू नये, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या शिक्षेत अस्पृश्यही मेलेच की. बाबासाहेबांनी तर मुळावरच बोट ठेवलं. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये निघालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते विचारतात, ईश्वर चांगला असेल तर माणसं खुनी, चोर का होतात? आणि गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धान्त कशासाठी? गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, एवढाच त्याचा उपयोग त्यांना दिसतो. शिळफाट्याला मेलेल्यांचं नशीबच तसं होतं, असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा परवानगीशिवाय मजले चढवणारे आणि त्याकडे डोळेझाक करणारे आपसूक सुटतात.