ईएमडीआर: पहिल्या सत्राला येण्याआधी

फोनवर आम्हाला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "नुसते डोळे फिरवून जुनं दुःख जातं कसं हो?" प्रश्न रास्त आहे. नुसते डोळे फिरवून ते जात नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा, आणि आमच्याकडेही त्या अपेक्षेने येऊ नका.

ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग) ही डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन केली जाणारी, मानसिक आघातावरची उपचारपद्धत आहे. अमेरिकन मानसतज्ज्ञ फ्रान्सिन शापिरो १९८७ साली एका बागेत फिरत होत्या. डोक्यात त्रासदायक विचार घोळत असताना आपले डोळे भरभर इकडून तिकडे हलतायत आणि त्यानंतर त्या विचारांची धार बोथट होतेय, असं त्यांच्या ध्यानात आलं. १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. बऱ्याच तज्ज्ञांनी तेव्हा नाकं मुरडली. पुढे रीतसर चाचण्या होत गेल्या आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे लागणाऱ्या तणावविकारासाठी, या पद्धतीची शिफारस केली.

आघाताची आठवण इतर आठवणींसारखी जुनी होत नाही, हे खरं दुखणं. समजा, सहा वर्षांपूर्वी अपघात झाला. आज रस्त्यावर कुठेतरी ब्रेक करकचून लागतो आणि तुमचे हात गार पडतात, छातीत धडधड सुरू होते. डोक्याला ठाऊक असतं की ते केव्हाच संपलंय. अंगाला मात्र ते आत्ता घडतंय. वर एक वाक्य चिकटलेलं असतं: "चूक माझीच होती." ही आठवण आम्ही पुसत नाही, पुसता येतही नाही. ती "तेव्हा घडलेली गोष्ट" व्हावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पद्धतीचे एकूण आठ टप्पे आहेत आणि डोळ्यांची हालचाल सुरू होते ती चौथ्यात. त्याआधी तुमची पूर्वपीठिका समजून घेणं, घाबरायला झालं तर स्वतःला सावरायचं कसं याचा सराव, आणि नेमक्या कोणत्या आठवणीवर काम करायचं ते ठरवणं. काहींना हे दोन-तीन सत्रांतच जमतं, काहींना बरेच आठवडे लागतात. "मुद्द्याचं कधी करणार?" अशी घाई बरेच जण करतात. आमच्या मते तयारी हाच निम्मा उपचार आहे, तिच्यात आम्ही काटछाट करत नाही.

प्रत्यक्ष सत्रात खुर्च्या अगदी समोरासमोर नसतात, एकमेकींच्या बाजूने थोड्या सरकवलेल्या असतात. त्या आठवणीतलं सर्वांत बोचणारं चित्र डोळ्यांसमोर आणायचं, त्याच्यासोबत येणारं वाक्य मनात धरायचं आणि अंगात कुठे जाणवतंय ते बघायचं. त्रास किती, ते शून्य ते दहा या पट्टीवर सांगायचं. मग थेरपिस्ट दोन बोटं तुमच्या नजरेसमोर डावी-उजवीकडे नेतात. मान स्थिर ठेवून फक्त डोळ्यांनी त्यांचा माग काढायचा. साधारण अर्ध्या मिनिटात बोटं थांबतात. एक खोल श्वास. "आता काय येतंय?"

उत्तर काहीही असू शकतं. घसा आवळला. एकदम शाळेची पायरी आठवली. काहीच नाही. बरोबर-चूक असं त्यात काही नसतं, जे येईल ते दोन शब्दांत सांगायचं आणि पुन्हा बोटांकडे बघायचं. घडलेलं सगळं तपशीलवार सांगण्याची सक्ती नाही. ज्यांना ते शब्दांत आणणंच असह्य होतं त्यांना याचा मोठा आधार वाटतो. हात वर केलात की आम्ही तिथल्या तिथे थांबतो, कारण विचारत नाही. आकडा खाली आला की "मला जमेल तेवढं मी केलं" यासारखं नवं वाक्य एक ते सात या पट्टीवर किती खरं वाटतं ते पाहतो, आणि शेवटी डोक्यापासून पायांपर्यंत कुठे ताण उरलाय का ते तपासतो. नजर लवकर थकत असेल तर हातांवर आळीपाळीने टिचक्या किंवा दोन्ही कानांत आलटून-पालटून आवाज, असंही चालतं.

हे नेमकं कशामुळे घडतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. बरंच पटणारं स्पष्टीकरण असं: मनाला एका वेळी थोडंच पेलतं. आठवण धरून ठेवायची आणि हलत्या बोटांमागेही धावायचं, यात आठवणीच्या वाट्याला कमी जागा येते, ती फिकी होते आणि फिकी होऊनच परत साठवली जाते. काही संशोधक म्हणतात, डोळ्यांचा वाटा थोडाच, सुरक्षित ठिकाणी आठवणीला सामोरं जाणंच खरं काम करतं. वाद चालू आहे. संमोहन मात्र हे नाही. तुम्ही पूर्ण जागे असता.

किती सत्रं? ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत साधारण ८ ते १२ म्हटलंय. लहानपणापासून वर्षानुवर्षं सोसलं असेल तर त्याहून जास्त. एक सत्र ६० ते ९० मिनिटांचं.

सत्रानंतर दोन-तीन दिवस विचित्र स्वप्नं, थकवा, उगाच रडू येणं असं होऊ शकतं. मध्येच नवीन काही आठवलं तर एका ओळीत टिपून ठेवा, उकरत बसू नका. आणि मोबाइलवरच्या व्हिडिओतला हलता ठिपका बघून स्वतःच्या भयंकर आठवणीवर घरी प्रयोग तर अजिबात करू नका. आठवण उघडायला वेळ लागत नाही, मिटवताना सोबत कोणीतरी लागतं.

फिट येत असतील, डोळ्यांचा आजार किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, गरोदर असाल, मधूनच भान हरपत असेल, तर आधी सांगा. चालू औषधं आमच्यासाठी म्हणून बंद करू नका. मारहाण किंवा छळ आजही चालू असेल तर आधी सुरक्षिततेचं बघू. जीव द्यावासा वाटत असेल तर आमच्या तारखेची वाट बघू नका, लगेच डॉक्टर किंवा रुग्णालय गाठा.

येताना चष्मा आणा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर डबीही, मध्ये काढाव्या लागतात. सत्रानंतर तासभर मोकळा ठेवा. पहिल्या काही वेळा गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या.