राजारामपुरी

राजारामपुरी : कोल्हापूर शहराच्या पूर्व भागातील, आखणी करून वसवलेली निवासी वस्ती. महापालिकेच्या ई वॉर्डात ती मोडते. रेल्वे स्थानक, शिवाजी उद्यमनगर, टाकाळा व शिवाजी विद्यापीठाकडे जाणारा रस्ता यांच्या दरम्यान तिचा विस्तार आहे.

वस्तीचे नाव नेमके कोणत्या राजारामांवरून पडले, याबद्दल घोटाळा होतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम (१६७०–१७००) हे नाव सर्वांच्या ओठी असल्याने पुष्कळांचा समज तोच असतो. कोल्हापूरच्या गादीवर मात्र या नावाचे आणखी दोन छत्रपती झाले. पहिले १८६६ ते १८७० या काळातले. युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. दुसरे म्हणजे शाहू महाराजांचे पुत्र (१८९७–१९४०), ज्यांची कारकीर्द १९२२ मध्ये सुरू झाली. क्रमांक देण्याची पद्धतही एक नाही. १७०० मध्ये निवर्तलेल्या राजारामांना जमेस धरणाऱ्या वंशावळींत या दोघांना दुसरे व तिसरे म्हणतात. केवळ करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीपुरते पाहणाऱ्यांच्या लेखी ते पहिले व दुसरे ठरतात. ‘राजाराम’ नावाच्या संस्था एकाच व्यक्तीच्या मानणेही चूक आहे. राजाराम महाविद्यालय १८८० चे, म्हणजे शाहूपुत्र राजारामांच्या जन्माआधीचे. वस्तीच्या बाबतीत १९२२–४० मध्ये राज्य करणाऱ्या राजारामांकडे निर्देश करणारे मत अधिक ग्राह्य वाटते; वसाहतीचा आरंभही त्यांच्याच कारकिर्दीतला मानणे सयुक्तिक ठरते.

आखणीची कल्पना मात्र त्याआधीची आहे. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि जयंती नाल्याच्या पूर्वेकडील मोकळ्या माळाला मोल आले. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली. पुढे त्यांनीच वसवलेल्या जयसिंगपुरातही सरळ रस्ते आणि क्रमांकाच्या गल्ल्या दिसतात. राजारामपुरी या मालिकेतली पुढची पायरी होय. शाहूपुरी व्यापारासाठी होती. इथे राहण्यासाठी प्लॉट पाडले गेले. जुन्या शहरातल्या पेठा वारांच्या नावांनी, तालमींनी व देवळांनी ओळखल्या जातात; तिथले बोळ वळत वळत एखाद्या वाड्याच्या दारात संपतात. राजारामपुरीत गल्ली सरळ जाऊन मुख्य रस्त्याला मिळते आणि तिची ओळख म्हणजे तिचा आकडा. म्हणून रिक्षावाला ‘राजारामपुरी’ एवढ्यावर गाडी सोडत नाही, ‘कितवी गल्ली?’ हा त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. टपालाच्या पत्त्यातही आधी घराचा क्रमांक, मग ‘ई वॉर्ड’ आणि मग ‘राजारामपुरी ८ वी गल्ली’ असा क्रम असतो. शंभर वर्षांपूर्वीची नगररचना अशी रोजच्या बोलण्यात टिकून राहणे ही या वस्तीची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर शहराची वाढ आग्नेयेकडे सरकली. सम्राटनगर, प्रतिभानगर, राजेंद्रनगर, जवाहरनगर अशा वसाहतींत ती पसरली. एके काळी शहराच्या कडेला असलेली राजारामपुरी त्यामुळे मध्यात आली. या वसाहतींत आखणीची ती शिस्त क्वचितच आढळते. महापालिका १९७२ मध्ये अस्तित्वात आली.

मूळची घरे बैठी किंवा एकमजली, पुढे थोडे अंगण, फाटकाशी जास्वंदीचे वा पारिजातकाचे झाड, अशी होती. त्यांपैकी बरीच पाडून त्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. मुख्य रस्त्यालगत दुकाने, दवाखाने व शिकवण्या आल्या. गल्ल्यांची रुंदी मात्र तेवढीच राहिली, त्यामुळे वाहने लावण्याची अडचण कायमची झाली. उरलेल्या जुन्या घरांची मोजमापांसह नोंद होणे निकडीचे आहे. उंचवट्यावर असल्याने पंचगंगेच्या पुराचा धोका येथे शाहूपुरीतील कुंभार गल्लीपेक्षा कमी आहे.

गणेशोत्सवातील तांत्रिक (यंत्रांच्या साह्याने हलणाऱ्या) देखाव्यांसाठी राजारामपुरी प्रसिद्ध आहे. चतुर्थीच्या संध्याकाळी मंडळांच्या मूर्तींची आगमन मिरवणूक जनता बाजार चौकातून निघते, तेव्हा मुख्य रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि लोक गल्ल्यांच्या तोंडाशी उभे राहून ती पाहतात.