टायर बदलले तरी डॅशबोर्डवरचा हवेचा पिवळा दिवा जाईना? बॅटरीला हात लावू नका
“बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जातो.” लातूरपासून जालन्यापर्यंत हा सल्ला फुकट मिळतो. दिवा काही जात नाही. गेलंच तर घड्याळ अन् रेडिओचं सेटिंग जातं.

घोड्याच्या नालात उद्गारचिन्ह, असा तो दिवा टायरमधल्या हवेचा. काही गाड्यांत चाकाच्या आत व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. त्याला स्वतःचा सेल असतो, गाडीच्या बॅटरीशी देणंघेणं नाही. टायर उतरवताना टॉमी (टायर काढायची लोखंडी पट्टी) वेडीवाकडी लागली की तो फुटतो. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर सेन्सर तपासून घ्या. न लुकलुकता सरळ पेटला, तर आधी हवा बघा.

बाकी गाड्यांत हा सेन्सर नसतोच. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचा वेग मोजतं, त्यावरून हवेचा अंदाज. नवा टायर झिजलेल्यापेक्षा अंगानं मोठा, म्हणून जुना हिशेब चुकतो. सकाळी, टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा (मे महिन्यात भर दुपारी बीडहून आल्या आल्या मोजलेली हवा पहाटे कमीच दिसते!), नवा हिशेब धरायला सेटचं बटण दाबा आणि थोडी गाडी फिरवून आणा. बटण सापडलं नाही तर स्क्रीनच्या मेनूत शोधा.