भागिले ५५

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. चर्चा झाली ती व्हायरसची आणि नव्या लॅपटॉपच्या खर्चाची. माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. विंडोजची ३२ बिटांची आवृत्ती (बिट म्हणजे ० किंवा १ हा अंक, प्रोसेसर असे किती अंक एका दमात हाताळतो त्याचं हे माप) मिळायची ती विंडोज १०पर्यंतच, विंडोज ११ फक्त ६४ बिटांची येते. आणि डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मायक्रोसॉफ्ट प्रणालीच्या जमान्यातले १६ बिटी प्रोग्रॅम ३२ बिटी विंडोजवर चालायचे, ६४ बिटीवर चालत नाहीत. हळू चालतात किंवा अडखळतात असं नाही, चालतच नाहीत.

आमच्याकडच्या एका पतसंस्थेला हे नवं मशीन आल्यावर कळलं. मुदत ठेवींचं व्याज काढणारा त्यांचा प्रोग्रॅम १९९४ साली टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेला. पेनड्राइव्हवरून आणला, डबल क्लिक केलं, तर हा प्रोग्रॅम या पीसीवर चालणार नाही असा निरोप. मॅनेजर म्हणाले, "सर, तीस वर्षं झाली, खराब झाला असणार."

हा समज फार पसरलेला आहे. सायकलची चेन झिजते, प्रोग्रॅम झिजत नाही. मी जुन्या मशीनवरची प्रत आणि ही प्रत बाइट न् बाइट ताडून पाहिली. काडीचा फरक नव्हता. प्रोग्रॅम होता तिथेच उभा होता, गाव उठून दुसरीकडे गेलं होतं.

खरं तर हे त्याचं दुसरं मरण. पहिलं १९९९ सालचं, तेही मीच पाहिलेलं. तेव्हा जुनं ४८६ प्रोसेसरचं मशीन काढून त्याहून वेगवान पेंटियम टू आणलं होतं, आणि प्रोग्रॅम सुरू होताच पडद्यावर आलं 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार. मी आख्खा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, छापून घेतला आणि रात्रभर शून्याने भागणारी ओळ शोधत बसलो. सापडली नाही. सापडणार कशी, ती नव्हतीच!

झालं होतं ते असं. टर्बो पास्कलमध्ये पडद्यावर लिहिण्यासाठी, आवाज काढण्यासाठी आणि थोडा वेळ थांबण्यासाठी सीआरटी नावाचं एक युनिट, म्हणजे तयार कोडचा तुकडा, मिळायचं. '१०० मिलिसेकंद थांब' म्हटलं, तर ते थांबायचं कसं? रिकाम्या फेऱ्या मारून. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं गोल गोल फिरायचं, काम काहीच नाही. पण एका मिलिसेकंदात किती फेऱ्या होतात हे मशीनच्या वेगावर ठरणार. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना हे युनिट आधी मोजमाप करून घ्यायचं.

मोजायला घड्याळ हवं. ते कुठून यायचं हे मला नेहमीच सुरस वाटत आलंय. १९८१च्या आयबीएम पीसीच्या बोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक होता. हा विचित्र आकडा म्हणजे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताच्या वारंवारतेची चौपट. म्हणजे पीसीला घरचा टीव्ही जोडायचा तर सोय. त्याच स्फटिकाला ३ ने भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झ दिले आणि १२ ने भागून घड्याळाच्या चिपला १.१९३ मेगाहर्ट्झ. ही चिप ६५,५३६ ठोके मोजते आणि एक टोला देते. सेकंदाला १८.२ टोले, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांना एक. टीव्हीच्या रंगांशी पतसंस्थेच्या व्याजाचा संबंध इथे जुळतो.

सीआरटी युनिट एका टोल्याची वाट पाहायचं, तो पडला की फेऱ्या मोजायला लागायचं आणि पुढचा टोला पडला की थांबायचं. जी संख्या येईल तिला भागिले ५५. उत्तर म्हणजे एका मिलिसेकंदातल्या फेऱ्या. हिशोब चोख.

आता प्रोसेसरकडे या. पीसीच्या प्रोसेसरांचा मूळपुरुष म्हणजे ८०८६, त्याची भागाकाराची आज्ञा ३२ बिटांच्या संख्येला १६ बिटांच्या संख्येने भागते, पण उत्तर ठेवायला जागा देते १६ बिटांचीच. म्हणजे उत्तर जास्तीत जास्त ६५,५३५. भाज्य ३६,०४,४८० झालं, की त्याला ५५ ने भागून येणारे ६५,५३६ त्या डब्यात मावत नाहीत. अशा वेळी प्रोसेसर भागाकार चुकल्याची घंटा वाजवतो, आणि शून्याने भागलं तरी तीच घंटा वाजते. टर्बो पास्कलला फक्त घंटा ऐकू यायची. तो बिचारा छापायचा 'शून्याने भागाकार'.

थोडक्यात, मशीन इतकं वेगवान झालं होतं की ५५ मिलिसेकंदांत ३६ लाखांहून जास्त फेऱ्या मारायला लागलं. ४८६ च्या काळात कुणाला हे स्वप्नातही आलं नसतं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या आसपास जगभरचे पास्कल प्रोग्रॅम असे पटापट पडले. (जुन्या कॅबिनेटवरचं 'टर्बो' बटण आठवतंय? ते असायचं मशीन मंद करण्यासाठी. वेगाने बिघडणाऱ्या प्रोग्रॅमांसाठीच ती पळवाट होती.) आम्ही सुधारलेलं सीआरटी युनिट मिळवलं, प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला, म्हणजे सोर्स कोडवरून चालणारी प्रत नव्याने बनवली, आणि सुटलो.

त्याच सुमारास संस्थेत कुणीतरी सीपीयूवर लिंबू-मिरची बांधली होती. खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लावा, माझी ना नाही, झेंडूही चांगला दिसतो. पण १६ बिटांच्या डब्यात १७ वा बिट लिंबाने मावत नाही. आणि 'एका क्लिकमध्ये संगणक दुप्पट वेगवान' म्हणत विकली जाणारी सॉफ्टवेअरं हीही त्याच लिंबाची चकचकीत आवृत्ती.

दुसरं मरण वेगळ्या कारणाचं. १९८५च्या ३८६ प्रोसेसरमध्ये एक सोंग शिकवलेलं होतं: वरून पहारा ठेवून तो जुन्या ८०८६चं नाटक करू शकायचा. ३२ बिटी विंडोज डॉसचे प्रोग्रॅम याच आधारावर चालवायची. २००३ साली त्याच घराण्यातले ६४ बिटी प्रोसेसर आले, त्यांच्या ६४ बिटी अवस्थेत हे सोंग काढून टाकलं. चिप मात्र तीच जुनी सवय ठेवून आहे. विजेचं बटण दाबलं की आजचा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर क्षणभर १९७८चा ८०८६ म्हणूनच जागा होतो. २०२३ साली इंटेलने ही सवय मोडायचा प्रस्ताव मांडला होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो मागे घेतला.

चिप सोंग करत नसेल तर सॉफ्टवेअरने करायचं. डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम ८०८६ची एकेक आज्ञा वाचतो आणि ती स्वतः पार पाडतो. अभियांत्रिकीच्या ज्या मुलांनी प्रॅक्टिकलला निळ्या पडद्याचं टर्बो सी वापरलंय, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते नकळत डॉसबॉक्समध्येच वापरलंय. त्यात 'सायकल्स' नावाचा एक आकडा असतो: दर मिलिसेकंदाला किती आज्ञा पाळायच्या. जुन्या प्रोग्रॅमांसाठी तो मुळात ३,००० असतो. आता मघाचा भागाकार आठवा. मिलिसेकंदाला आज्ञाच ३,००० असतील तर फेऱ्या त्याहून कमीच होणार, आणि ६५,५३५ चा डबा कधीच भरणार नाही. जुनं सीआरटी युनिट असलेली १९९४ची मूळ प्रतसुद्धा यात बिनतक्रार चालली. आकडा भलताच वाढवला तर मात्र एरर २०० परत भेटीला येऊ शकतो.

सॉफ्टवेअरचं हे असं निभतं. खरी कटकट तारांची. पासबुक छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टचा, म्हणजे यूएसबीच्या आधीच्या जुन्या जोडणीचा. बाजारात मिळणारी यूएसबीची केबल संगणकाला सांगते, 'मी प्रिंटर आहे'. पण डॉसचा प्रोग्रॅम शोधतो पोर्टचा ठरलेला पत्ता, आणि केबल त्या पत्त्यावर राहतच नाही. जुनी कुलूप-डोंगलं (पोर्टला लावल्याशिवाय प्रोग्रॅम सुरू होऊ न देणारी) याच कारणाने तिच्यावर चालत नाहीत. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेला, त्याला प्रिंटरचं सोयरसुतक नाही. डॉसबॉक्स-एक्स या त्याच्या भावाला आहे.

याहून अवघड दुखणं जिस्ट कार्डाचं. पुण्याच्या सी-डॅकचं हे कार्ड संगणकाच्या पोटात आयएसए नावाच्या जुन्या खाचेत बसायचं आणि डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटवायचं. ती खाचच आता मदरबोर्डावर नसते, आणि डॉसबॉक्सला या कार्डाचं सोंग येत नाही. सुदैव एवढंच की त्यातला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या प्रमाण संकेतात असतो आणि युनिकोड या आजच्या जागतिक संकेतातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच बेतलेली आहे. त्यामुळे प्रोग्रॅम गेला तरी नावं वाचवता येतात.

पतसंस्थेत आम्ही आकडा ३,००० वरच ठेवला. सगळ्या ठेवींचं व्याज निघायला काही मिनिटं लागतात. वेग वाढवू का, असं विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "राहू द्या, ४८६ वर तेवढाच वेळ लागायचा. चहा होतो तेवढ्यात."