खर्ज लावला की मन का निवतं

ग्वाल्हेरच्या गाणाऱ्या घरांत पहाटेचा रियाज खर्जाने सुरू होतो. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला सा लावायचा, दम पुरेल तिथवर न हलवता धरायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा तोच सा. ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, आणि शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांत पेटी-तानपुरा ही नित्याची वस्तू झाली. २०२३ मध्ये युनेस्कोने या शहराला संगीताच्या सर्जनशील शहरांत स्थान दिलं. खर्जाची ही मेहनत गळ्यासाठी असते. पण त्या लांब सुराने हृदयात आणि मेंदूत जे घडतं, ते कधीच न गाणाऱ्या माणसाच्याही कामाचं आहे. रोजच्या ताणातून सावरायला ते कसं मदत करतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

घाबरलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हणून काही होत नाही. छातीतली धडधड, पोटातला गोळा, तळहाताचा घाम हे सगळं स्वायत्त चेतासंस्था चालवते आणि ती आपली आज्ञा मानत नाही. त्याला श्वास तेवढा अपवाद आहे. झोपेत तो आपोआप चालतो, जागेपणी मात्र आपण तो लांबवू शकतो, थांबवू शकतो, सुरात ओतू शकतो.

मनगटावर बोट ठेवून नाडी पाहा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना संथ होतात. तरुणपणी हा फरक ठळक असतो, वयाबरोबर कमी होत जातो. यामागे व्हेगस नावाची चेता आहे. मेंदूच्या तळाशी उगम पावून ती घसा, हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत पोचते. हृदयाला मोकळं सोडलं तर ते स्वतःच्या लयीत मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. विश्रांतीत ते सत्तरच्या आसपास राहतं, कारण व्हेगस त्याला आवरून धरते. ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये हे बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस उद्दीपित करून त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं. म्हणजे चेतेच्या टोकाशी एखादं रसायन स्रवत असणार. ते ॲसिटिलकोलीन होतं, आणि या कामाला १९३६ चं नोबेल मिळालं.

श्वास घेताना व्हेगसची पकड सैल होते आणि सोडताना घट्ट होते. गाताना आपण झटकन श्वास घेतो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे प्रत्येक आवर्तनाचा मोठा भाग हृदयाला आवरण्याच्या बाजूला जातो. गवई ज्याला दमसास म्हणतात, त्याची मेहनत म्हणजे खरं तर उच्छ्वास लांबवण्याची मेहनत.

किती लांब? एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या ल्युचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २३ जणांना त्यांनी लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन धर्म, दोन भाषा, पण दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला. रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणाही साधारण दहा सेकंदांच्या लयीत झुलते. श्वास तिच्याशी जुळला की ती अधिक तत्परतेने काम करते. तिन्हीसांजेला स्तोत्र म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे आकडे ठाऊक नव्हते. स्तोत्राची एक ओळ एका श्वासात म्हणायची, एवढं त्या आवर्जून शिकवत.

मेंदूकडूनही पुरावा मिळाला. श्वासाचा ताल धरणारा पेशींचा एक छोटा पुंजका मेंदूच्या बुंध्यात आहे. जॅक फेल्डमन यांच्या गटाने तो १९९१ मध्ये ओळखला. २०१७ मध्ये त्यातल्या सुमारे १७५ पेशी उंदरांत निकामी केल्या, तर ते उंदीर विलक्षण शांत झाले. त्या पेशी श्वासाच्या वेगाची बातमी सावधपणा जागवणाऱ्या केंद्राला देत होत्या. भीतीने श्वास जलद होतो हे आपल्याला माहीत होतं. जलद श्वासही मेंदूला अस्वस्थ ठेवतो, हे त्या उंदरांनी दाखवलं. माणसात नेमकं असंच घडतं असं यावरून म्हणता येत नाही.

माणसांवरचा एक चांगला प्रयोग २०२३ मध्ये स्टॅनफर्डने प्रसिद्ध केला. रोज ५ मिनिटं, महिनाभर. एका गटाने उसासे टाकले: नाकाने श्वास, त्यावर आणखी एक छोटा श्वास, मग तोंडाने लांब उच्छ्वास. बाकीच्या गटांनी श्वासाचे इतर प्रकार किंवा ध्यान केलं. काळजी सगळ्याच गटांत कमी झाली. मनाची प्रसन्नता मात्र उसासे टाकणाऱ्यांत जास्त वाढली. आपल्याकडे उसासा टाकणाऱ्याला रडवा म्हणतात. शरीर दर काही मिनिटांनी आपण होऊन एक उसासा टाकतंच, मिटलेले वायुकोश उघडण्यासाठी.

म्हणून सकाळी किंवा झोपण्याआधी पाच मिनिटं, खालच्या पट्टीत, सोसेल तेवढाच सूर. जोर लावू नये. भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. काहींची घबराट श्वासाकडे लक्ष दिल्याने वाढते. त्यांनी लक्ष शब्दांकडे ठेवून साधं गाणं म्हणावं, श्वास आपोआप लांबतो.

आणि शक्यतो एकट्याने म्हणू नये. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या वर्गांचा सात महिने अभ्यास झाला. गाण्याच्या वर्गातली माणसं हस्तकला किंवा लेखनाच्या वर्गातल्या माणसांपेक्षा लवकर एकमेकांची झाली. मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेलेली कितीतरी घरं आज आपल्या शहरात आहेत. तिथल्या काकू निदान भजनी मंडळात जातात. काका दूरदर्शनसमोर एकटे बसतात. त्यांना आग्रहाने बोलवायला हवं, मग सूर लागो न लागो.

सुराने जे होत नाही तेही स्पष्ट सांगतो. उदासी, झोप उडणं, कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून अधिक टिकलं, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर रियाज हा उपचार नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना आढळले. ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा आहे, तरीही तिचं नाव घेताना घरात आवाज खाली येतो. मधुमेहासाठी डॉक्टरकडे जातो तसंच इथे जावं. पाऊल उचलवत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे: १४४१६ वर दिवसरात्र कधीही, विनामूल्य, आपल्याला हवी ती भाषा निवडून बोलता येतं.