नृत्यप्रसंग (लेखी रोलप्ले)

लेखी रोलप्लेमध्ये, म्हणजे अनेकांनी एकेका पात्राची भूमिका घेऊन एकत्र लिहिण्याच्या खेळात, एखाद्या पात्राचे नृत्य त्या पात्राचा लेखक टप्प्याटप्प्याने शब्दांत मांडतो आणि त्याच वेळी उपस्थित असलेले इतर लेखक आपापल्या पात्रांकरवी त्याला उत्तर देतात, अशा प्रसंगाला नृत्यप्रसंग म्हणतात. कथेतील नृत्यवर्णन आणि हे लेखन वरवर सारखे दिसले, तरी कथालेखकाच्या हाती प्रेक्षकही असतात. येथे प्रेक्षकांतील प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा असतो. या प्रकारातील बहुतेक संकेत या एका फरकातून निघाले आहेत.

रोलप्लेचे हे रूप ‘मड’ या, संगणकावर अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या लेखी खेळांतून वाढले. पहिला मड रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ पासून घडवला. त्यात भर लढाई आणि खजिन्यावर होता. जेम्स ॲस्पनिस यांच्या टायनीमडपासून (१९८९) आणि पाव्हेल कर्टिस यांच्या लॅम्डामूपासून (१९९०) मात्र गप्पा, जागांची वर्णने आणि पात्रांचे वावरणे यांना महत्त्व आले. अशा ठिकाणी लेखकाने कृती टंकली की तिच्याआधी पात्राचे नाव आपोआप लागते आणि ते वाक्य खोलीतील सर्वांना दिसते. यालाच ‘इमोट’ किंवा ‘पोझ’ म्हणतात. आयआरसी या इंटरनेटवरील गप्पांच्या जुन्या व्यवस्थेवर हेच काम ‘मी’ ही आज्ञा करते (शब्द इंग्रजी, उच्चार आणि रोख योगायोगाने मराठीच).

नाव आपोआप पुढे लागत असल्याने पोझ तृतीयपुरुषी वर्तमानकाळात लिहिण्याची रीत पडली. मराठीत ही रीत निव्वळ सोयीची नाही, तर जवळजवळ गरजेची ठरते. ‘केतकी गिरकी घेते’ हे वाक्य सहज जुळते. भूतकाळात मात्र ‘केतकीने गिरकी घेतली’ असे म्हणावे लागते आणि यंत्राने नावानंतर सोडलेल्या मोकळ्या जागेमुळे ‘ने’ तुटून पडतो. मश नावाच्या मडच्याच एका प्रकारात जागा न सोडता मजकूर जोडणारी अर्धविरामाची आज्ञा असते. ती इंग्रजी षष्ठीच्या प्रत्ययासाठी उपयोगी पडते, पण मराठी तृतीयेचेही तिने भागते. जुन्या मडांपैकी बहुतेकांत देवनागरी उमटतच नाही. पण रोमन लिपीतून मराठी लिहिणाऱ्यालाही या ‘ने’शी झगडावे लागतेच.

लांबीची मर्यादाही शैलीवर परिणाम करते. आयआरसीचा एक संदेश आज्ञेसकट ५१२ बाइटांत बसवावा लागतो आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा वेगळ्या धरून, तीन बाइट घेते. त्यामुळे पंचवीसएक शब्दांतच ओळ संपते. २०१५ मध्ये आलेल्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेवर २००० चिन्हांपर्यंत लिहिता येते, म्हणून तेथे परिच्छेदभर पोझ रूढ आहे. ती नेहमी अधिक चांगली असतेच असे नाही. चार गिरक्या, दोन झुकणे आणि एक उडी एकाच पोझमध्ये उरकली, तर समोरच्याला कशाला उत्तर द्यावे तेच कळत नाही.

नवखे लेखक बहुधा ‘केतकी अतिशय सुंदर नाचते, तिच्या अदांनी सगळे घायाळ होतात’ असे लिहितात. यातील पहिल्या अर्ध्या वाक्यात दिसण्यासारखे काही नाही. दुसरे अर्धे त्याहून वाईट, कारण घायाळ व्हायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवायचे असते. दुसऱ्याच्या पात्राची प्रतिक्रिया परस्पर लिहिणे हा ‘गॉडमोडिंग’ नावाचा दोष मानला जातो. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘ढोलकी थांबते तशी केतकी उजवी टाच बोटभर उचलून धरते. एक घुंगरू तेवढे उशिरा वाजते. पदराचे टोक दोन बोटांत, नजर पहिल्या रांगेतल्या फेटेवाल्यावर.’ येथे हालचाल एकच आहे, पण शरीराचा तोल, आवाज आणि नजर कळते, आणि फेटेवाल्याच्या लेखकाला हसायला, नजर चुकवायला किंवा दौलतजादा करायला वाव राहतो.

पायांच्या हालचालींची यादी वाचकाच्या डोळ्यांपुढे नृत्य उभे करत नाही. ‘अभिनयदर्पण’ या नृत्यावरील संस्कृत ग्रंथात हातामागे दृष्टी, दृष्टीमागे मन, मनामागे भाव आणि भावामागे रस असा क्रम सांगितला आहे. नर्तकासाठी सांगितलेला हा क्रम लेखकालाही कामाचा आहे, कारण वाचणाऱ्याची नजर कोठून कोठे न्यायची हे त्यातून ठरते. बसल्या जागी चेहरा आणि हातांवर चालणारी बैठकीची लावणी म्हणूनच शब्दांत चांगली उतरते. मंचभर फिरणारे समूहनृत्य त्या मानाने अवघड जाते. पात्राच्या मनातले विचार पोझमध्ये लिहावेत का, याबद्दल मतभेद आहेत. इतर पात्रांना जे दिसत नाही त्यावर त्यांच्या लेखकांना काही करता येत नाही, हा विरोधकांचा मुद्दा रास्त वाटतो.

जोडीच्या नृत्यात ही अडचण वाढते, कारण एका लेखकाने हात ओढला की दुसऱ्याचे पात्र आपोआप हलायला हवे. अर्जेंटिनाच्या टँगोतील संकेत येथे उपयोगी पडतात. तेथे आमंत्रण ‘काबेसेओ’ने, म्हणजे दुरून नजरेने आणि मानेच्या किंचित हालचालीने, दिले जाते, ते न स्वीकारणाऱ्याला नजर वळवणे पुरते. नाचतानाही पुढाकार घेणारा फक्त सुचवतो, पाऊल टाकतो तो जोडीदारच. लेखीही तसेच: ‘तिला फिरवतो’ असे न लिहिता ‘हात उंचावून फिरण्यापुरती जागा करतो’ एवढे लिहिले, की पुढची पोझ कोणाची हे सांगावे लागत नाही.

वेळेचे गणित मात्र कधीच जुळत नाही. सहा जण पाळीपाळीने लिहीत असतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटे लागत असतील, तर तीन मिनिटांच्या गाण्यातला पोझांचा एकच फेरा अर्ध्या तासाचा होतो. सेकंड लाइफसारख्या आभासी जगात (२००३ पासून) नाचणारी आकृती पडद्यावर दिसतेच, म्हणून तेथील अनेक लेखक नृत्याचा मजकूर आधी लिहून ठेवतात आणि गाण्याच्या ओघात एकेक ओळ चिकटवत जातात. भाषा घोटलेली राहते, ताल सुटत नाही. पण मध्येच फेटेवाला उठून समोर नोट धरतो आणि चिकटवलेल्या पुढच्या ओळीतली केतकी त्याच्याकडे न पाहता दुसऱ्याच कोपऱ्यात गिरकी घेते.