ईमेल सिग्नेचर

ईमेलच्या मजकुराखाली आपोआप जोडला जाणारा, पाठवणाऱ्याचे नाव, हुद्दा, संस्था आणि संपर्क सांगणारा छोटा मजकूर. पुण्यातल्या कार्यालयांत याला नुसते 'सिग्नेचर' म्हणतात. डिजिटल सिग्नेचर ही वेगळी गोष्ट. ती माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे परवानाधारक संस्थेच्या प्रमाणपत्राने होते. कंपनीची विवरणपत्रे भरताना सीए जो पेन ड्राइव्हसारखा यूएसबी टोकन मागतात, तो तिच्यासाठी. ईमेलखालचा मजकूर कोणीही टाइप करू शकतो, त्यामुळे त्यावरून पाठवणारा तोच आहे याची खात्री होत नाही.

पत्र कुठे संपले हे दाखवायची गरज ईमेलच्या कितीतरी आधीची आहे. शिवकालीन पत्रांत वर मुद्रा आणि मजकुराच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' (इथे मर्यादा शोभते) हे मोर्तब, म्हणजे समाप्तीचा छोटा शिक्का, उमटवलेले दिसते; पेशवाईत त्या जागी 'लेखनसीमा' आली. मागाहून कोणी ओळ घुसडू नये, ही त्यामागची सोय. ईमेलमध्ये हेच काम दोन डॅश आणि एक स्पेस असलेली स्वतंत्र ओळ करते. ती दिसली की काही मेल प्रोग्रॅम पुढचा मजकूर फिका करतात किंवा उत्तरातून वगळतात. हा जुना प्रघात इंटरनेटचे संकेत नोंदणाऱ्या आरएफसी या क्रमांकित दस्तऐवजांपैकी आरएफसी ३६७६ (२००४) मध्ये नोंदला आहे. त्याआधीच्या आरएफसी १८५५ (१९९५) या शिष्टाचाराच्या टिपणाने सिग्नेचर चार ओळींच्या आत ठेवायला सांगितले होते. तेव्हा कारण संथ आणि महाग कनेक्शनचे होते. कारण गेले, पण चार ओळींचा आकडा अजूनही बरोबर बसतो: नाव, हुद्दा व संस्था, फोन, वेबसाइट. बोधवचन, सणांच्या शुभेच्छा, जुने पुरस्कार आणि पाच सोशल मीडियाची बोटभर चिन्हे यांतले काहीही समोरच्याने मागितलेले नसते. 'कृपया प्रिंट काढू नका' ही ओळ तर प्रिंट काढल्यावर कधी कधी एक कागद वाढवते.

पुण्यात चुकते ते बहुधा फोन नंबरात. शहराचा एसटीडी कोड ०२० आहे, त्यातले शून्य फक्त देशांतर्गत डायल करताना लागते. '+९१ ०२०' असे लिहिलेला नंबर परदेशातून जसाच्या तसा लावला तर लागत नाही. '+९१ २०' आणि पुढे आठ आकडे, हे बरोबर. मोबाइलचे दहा आकडे पाच-पाचच्या गटांत तोडले की वाचायला सोपे जातात. पत्ता फक्त लोक प्रत्यक्ष येत असतील तर द्यावा. 'पत्र्या मारुतीजवळ, नारायण पेठ, पुणे ४११०३०' हे पोस्टमनला आणि जुन्या पुणेकराला पुरते. हिंजवडीहून येणाऱ्या नव्या माणसासाठी त्यालाच नकाशाची लिंक जोडलेली बरी.

पेठांतले लहान व्यावसायिक बऱ्याचदा डिझायनरकडून आलेल्या व्हिजिटिंग कार्डाची जेपीजीच सिग्नेचर म्हणून चिकटवतात. कागदावर देखणे असलेले ते कार्ड ईमेलमध्ये गैरसोयीचे ठरते. समोरच्याच्या मेलमध्ये चित्रे बंद असली तर तिथे रिकामा चौकोन उरतो, नंबर कॉपी होत नाही, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला चित्राआडचे नाव कळत नाही. म्हणून अक्षरे अक्षरांतच हवीत. लोगो लहान असावा आणि त्याला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी दिसणारे किंवा वाचले जाणारे शब्द) दिलेला असावा. पारदर्शक पीएनजीतला काळा लोगो डार्क मोडमध्ये दिसेनासा होतो. त्याच्या कडेने पांढरी रेघ ठेवली की प्रश्न सुटतो. विंडोजवरचे पारंपरिक आउटलुक २००७ पासून ईमेल वर्डच्या इंजिनाने दाखवते, त्यामुळे वेब पानासारखी नाजूक मांडणी तिथे मोडते. एरियल किंवा व्हर्डानासारखा बहुतेक संगणकांवर असलेला फॉन्ट, एखादा रंग आणि फार तर एक साधे टेबल, यापलीकडे जाऊ नये.

मराठी सिग्नेचरचा एक खास घोटाळा आहे. पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचे आयएसएम या सॉफ्टवेअरांच्या जोरावर छापखाने आणि कार्यालये संगणकावर मराठी लिहू लागली, पण त्या काळातले फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरांचे एकच सामायिक संकेत वापरणारे, नव्हते. लेटरहेडच्या जुन्या फाइलमधून नाव उचलून मेलमध्ये टाकले की आपल्याला ते नीट दिसते आणि समोर इंग्रजी अक्षरे व चिन्हांची खिचडी पोचते. ते नाव युनिकोडमध्ये नव्याने टाइप करणे हाच उपाय. मग विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो असा त्या त्या यंत्रातला फॉन्ट आपोआप लागतो. ओळींतले अंतर थोडे सैल ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १२ सांगते, की व्यावसायिक पत्रे, बिले, लेटरहेड आणि सूचनांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, फोन, ईमेल आणि २१ अक्षरांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) हवा. न पाळल्यास दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाखापर्यंत दंड आहे. त्या यादीत ईमेलचा वेगळा उल्लेख नाही. तरी कामकाजाचा पत्रव्यवहार आता मेलवरच होत असल्याने सीआयएन लहान अक्षरांत शेवटी टाकणे शहाणपणाचे. ब्रिटनमध्ये २००७ पासून कंपनीचा असा तपशील इलेक्ट्रॉनिक पत्रांतही देण्याचे बंधन आहे. 'हा मेल गोपनीय आहे, चुकून आला असल्यास नष्ट करा' हा परिच्छेद मात्र बहुतांशी सवयीचा. तो मेल वाचून झाल्यावर दिसतो, आणि वाचणाऱ्याने त्याला संमती दिलेली नसते.

जीमेलमध्ये सिग्नेचर सेटिंग्जच्या 'जनरल' टॅबमध्ये असते. नव्या मेलला एक आणि उत्तराला दुसरी अशी निवड तिथे करता येते. उत्तराला नाव आणि मोबाइल पुरतो. उत्तरात सिग्नेचर जुन्या मजकुराच्या खाली जाऊन तीन ठिपक्यांआड लपते. ती वर आणण्याचा चौकोन त्याच जागी आहे. त्यावर टिक केली की आधीची डॅशची ओळ निघून जाते.